स्ट्रोब चष्मा, टेनिस आणि माझा आळशी डोळा

खेळाडूंची नजर आणि झेल सुधारावेत म्हणून आमच्या टेनिस क्लबने एक स्ट्रोब चष्मा, म्हणजे ज्याची भिंगं सतत उघडझाप करतात असा चष्मा, मागवला आणि तो ठेवायचा की परत पाठवायचा हे ठरवायचं काम समितीने माझ्या गळ्यात मारलं. मी तिथे संध्याकाळच्या बॅच घेते, हे एक कारण. खरं कारण माझा डावा डोळा. तो लहानपणापासून आळशी आहे. पट्टी बांधली ती फार उशिरा, त्यामुळे दोन डोळ्यांची चित्रं एकत्र येऊन जी खोली, म्हणजे वस्तू किती जवळ-लांब आहे ते, जाणवते ती मला जवळजवळ जाणवतच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मोठ्या माशीच्या चित्राची चाचणी असते. खास चष्मा लावून बघितलं की माशीचे पंख कागदावरून वर उचललेले दिसतात. मला ते कायम कागदाला चिकटलेलेच दिसले आहेत. तरी मी नेटपाशी उभी राहून व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधीचा फटका, मारते आणि दुहेरीत बऱ्यापैकी जिंकते. "तुला चेंडू दिसतो तरी कसा?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की उत्तर शोधता शोधता या विषयावरचं हाताला लागेल ते वाचत गेले. तेव्हा हा रिव्ह्यू थोडा लांबणार आहे.

चष्म्याच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. या जातीचे सगळे चष्मे साधारण एकाच तऱ्हेने चालतात आणि मला बोलायचं आहे ते त्या तऱ्हेबद्दल.

दिसायला हा पोहण्याचा गॉगल आणि सायकलवाल्यांचा चष्मा यांच्या मधला काहीतरी प्रकार आहे. भिंगांत लिक्विड क्रिस्टलचा थर असतो. वीज मिळाली की तो पारदर्शक होतो, तुटली की धूसर, किंवा उलट. मॉडेलनुसार फरक असेल. हे तो ठरावीक लयीत करत राहतो, म्हणजे समोरचं दृश्य तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी मिळतं. कल्पना नवी नाही. टोरोंटो विद्यापीठातल्या पॉल मिलग्रम यांनी असा चष्मा प्रयोगशाळेसाठी बनवला आणि १९८७ मध्ये त्यावर लेख लिहिला. झेल घेताना माणसाला नेमकं कधी आणि किती बघावं लागतं हे तपासायला संशोधकांनी तो भरपूर वापरला. खेळाडूंसाठी म्हणून हे प्रकरण गाजलं ते २०११ च्या सुमारास, नाइकीच्या चष्म्यामुळे. त्याला आठ पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीत भिंग १०० मिलिसेकंद उघडं राहायचं आणि झाकलेला वेळ वाढत जायचा, पहिल्या पायरीला ६७ मिलिसेकंद, आठवीला ९००. नाइकीने ते उत्पादन नंतर बंद केलं, पण पायऱ्यांची पद्धत पुढे इतरांनी उचलली. आमच्याकडचा चष्माही तसाच आहे, शिवाय एकच भिंग झाकणं किंवा भिंगाचा खालचा-वरचा भाग झाकणं अशा जादा सोयी त्यात आहेत.

पाच मीटरवरून कुणीतरी हळू चेंडू टाकायचा आणि आपण एका हाताने झेलायचा, इथून मी प्रत्येकाला सुरुवात करायला लावते. पहिल्या दोन पायऱ्यांवर डोळे लुकलुकण्याचा त्रास होतो, झेल मात्र सुटत नाहीत. तिसरी-चौथी आली की गंमत सुरू होते. हात वेळेवर पोहोचतो, पण बोटं उशिरा मिटतात आणि चेंडू तळव्यावर आपटून उडतो. चांगल्या झेलात बोटं चेंडू लागायच्या आधीच मिटायला लागलेली असतात, हे आपल्याला एरवी कळतच नाही. सहाव्या पायरीवर माणूस चेंडूकडे बघणं सोडून टाकणाऱ्याच्या हाताकडे बघू लागतो. आणि आठवी पायरी निव्वळ जाहिरातीसाठी आहे असं माझं मत. सेकंदाला सहा मीटर वेगाने आलेला चेंडू पाच मीटर अंतर पाऊण सेकंदाहून थोड्याच जास्त वेळात कापतो. भिंग त्याहून जास्त वेळ बंद. सुटल्यापासून तुमच्या नाकावर आदळेपर्यंत तो एकदाही दिसला नाही, असं सहज घडू शकतं. तो झेल लागला तर त्याचं श्रेय टाकणाऱ्याला द्यावं.

आता हा चष्मा टेनिसमध्ये कशाला हवा, हे समजायला टेनिसमध्ये आपण नक्की काय बघतो तिकडे वळावं लागेल. इथे माझा वाचनाचा उत्साह सहन करा.

कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. चेंडूचा व्यास साडेसहा ते पावणेसात सेंटिमीटर. हिशोब केला तर पलीकडच्या बेसलाइनवरचा, म्हणजे कोर्टाच्या शेवटच्या रेषेवरचा, चेंडू आपल्या डोळ्याला पौर्णिमेच्या चंद्राच्या जेमतेम एक तृतीयांश व्यासाचा दिसतो. तो जवळ येताना मोठा होत जातो खरा, पण ही वाढ जवळपास सगळी शेवटच्या टप्प्यात होते. सुरुवातीच्या निम्म्या प्रवासात तो फक्त दुप्पट होतो. म्हणजे जेव्हा पाय हलवायचे असतात तेव्हा चेंडूच्या आकारातून फार काही कळत नाही, आणि जेव्हा कळतं तेव्हा पाय हलवायला वेळ उरलेला नसतो. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस समोरच्यापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या थोडं पुढेमागे पोहोचते. डोळ्याने बघून शरीर हलायला लागेपर्यंतच त्यातला सुमारे एक पंचमांश सेकंद निघून जातो.

"चेंडूवरून नजर हलवू नकोस, रॅकेटला लागेपर्यंत बघ." आम्ही सगळे कोच हे ओरडतो, मीही ओरडते. शब्दशः ते कुणालाच जमत नाही. ताशी ९० किलोमीटरने चेहऱ्यापासून एक मीटरवरून जाणारा चेंडू बघायला नजर सेकंदाला १,४०० अंशांहून जास्त वेगाने फिरवावी लागेल. डोळ्याची सलग पाठलाग करण्याची ताकद साधारण १०० अंशांच्या आसपास संपते. बेसबॉलच्या फलंदाजांवर बाहिल आणि लारिट्झ यांनी १९८४ मध्ये हे दाखवून दिलं होतं, की त्यांचा व्यावसायिक खेळाडूसुद्धा शेवटचे काही फूट चेंडू नजरेत ठेवू शकत नव्हता. क्रिकेटबद्दल लँड आणि मॅक्लिओड यांचा २००० सालचा अभ्यास तर मला फारच आवडतो. त्यांनी तीनच फलंदाज घेतले, वेगवेगळ्या दर्जाचे. चेंडू यंत्रातून सुटला की तिघांचीही नजर चेंडूला सोडून थेट पुढे, तो जिथे टप्पा खाणार त्या जागी उडी मारायची आणि तिथे चेंडूची वाट बघायची. फरक इतकाच की चांगल्या फलंदाजाची उडी लवकर असायची. चेंडू येण्याआधी नजर हजर.

माझ्या डाव्या डोळ्याचं कोडं मला तिथे उलगडलं. मी खोलीवर कधी विसंबलेच नाही. टप्पा कुठे पडणार हे समोरच्याच्या खांद्यावरून, रॅकेटच्या तोंडावरून आणि चेंडू नेटवरून किती उंचीने येतोय यावरून मी ताडते, आणि उरलेलं काम पायांवर सोडते.

तर हा चष्मा नेमका इथे उपयोगी पडतो. तो नजर तीक्ष्ण करत नाही. तो खेळाडूला उघडा पाडतो.

माझ्या बॅचमध्ये सोळा वर्षांची एक मुलगी आहे. फोरहँड असा की समोरचे मागे सरकतात. तिला तिसऱ्या पायरीवर चष्मा घालून मी बास्केटमधून साधे, एकाच जागी पडणारे चेंडू द्यायला सुरुवात केली. तिचे फटके पार कोलमडले. फ्रेमला लागले, तारांच्या कडेला लागले, काही तर वाऱ्यावरच गेले.

"मॅडम, चेंडू मधेच गायब होतो!"

"होऊ दे. टप्पा पडेल तेव्हा मोठ्याने 'टप्पा' म्हण."

तिचा 'टप्पा' चेंडू पडून वर आल्यावर यायचा. प्रत्येक वेळी. ती चेंडूच्या मागे मागे बघत होती, पुढे नाही. मनगट आणि खांदा एवढे वेगवान की ही उणीव त्यांनी आजवर झाकून ठेवली होती. नुसत्या डोळ्यांनी मला हे तिच्या खेळात कधी दिसलं नव्हतं, कारण तिचे फटके लागत होते. शेजारच्या कोर्टवरचा एक प्रौढ गृहस्थ, बॅकहँड बघवत नाही असा, त्याच पायरीवर आरामात खेळत होता. त्याचा 'टप्पा' चेंडूबरोबर यायचा. हळू पायांचा माणूस अंदाज बांधायला शिकलेला असतो, बिचाऱ्याला दुसरा इलाज नसतो.

पुढचे काही आठवडे त्या मुलीबरोबर 'टप्पा' आणि 'फटका' असं बोलत खेळण्याचा सराव केला. चष्मा बराच वेळ बाजूलाच होता. अधूनमधून तपासणीपुरता घालायचा. माझ्या मते त्याचा योग्य वापर एवढाच.

खालचा भाग झाकण्याची सोय मला वाटलं होतं त्यापेक्षा कामाची निघाली. झेल घेताना आपण चेंडू बघतो असं आपल्याला वाटतं. आपला हातही डोळ्याच्या कडेने दिसत असतो आणि तो आपल्याला लागतो. १९८२ मध्ये स्मिथ आणि मॅरियट यांनी पडदा लावून झेलणाऱ्याचा हात झाकला, तर झेल सुटू लागले, कारण हात चुकीच्या जागी जाऊ लागला. काही वर्षांनी फिशमन आणि श्नायडर यांनी मुरलेले खेळाडू घेतले तेव्हा त्यांच्या हाताच्या जागेत तेवढी गडबड झाली नाही. व्हॉलीत हे जसंच्या तसं दिसतं. नवशिक्याला रॅकेट कुठे आहे हे बघावं लागतं, म्हणून तो डोकं खाली घालतो आणि तेवढ्यात चेंडू निघून जातो. भिंगाचा खालचा भाग झाकून नेटपाशी उभं केलं की पहिली काही मिनिटं त्रेधा उडते, मग माणूस रॅकेट डोळ्यांसमोर, दिसेल अशा उंचीवर धरायला लागतो. जी गोष्ट मी घसा फोडून सांगत होते ती आपोआप झाली. या एका सोयीसाठी मी चष्म्याला पूर्ण गुण देते. हनुवटीखाली पुठ्ठा लावूनही हे साधेल असं कुणी म्हणेल. साधेल. पण मोठ्या माणसांना हनुवटीखाली पुठ्ठा लावायला लाज वाटते, चष्म्याची वाटत नाही.

एक भिंग झाकून बघण्याचा प्रयोग माझ्यासाठी अर्थातच खास होता. डावं भिंग झाकलं, काहीच फरक नाही, व्हॉली तीच. उजवं झाकलं आणि कोर्ट धुक्यात गेलं. ज्यांचे दोन्ही डोळे चांगले आहेत त्यांचं मात्र वेगळंच व्हायचं. एक डोळा बंद केल्यावर हळू चेंडू ते बिनबोभाट झेलत, वेग वाढवला की चुकत. मॅझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दोन्ही डोळ्यांनी खोली चांगली दिसणारे आणि न दिसणारे असे दोन गट एका हाताने झेल घेताना तपासले होते. चेंडूचा वेग वाढला तसा दुसरा गट मागे पडला. मी दुसऱ्या गटातली, त्यामुळे वेगवान थ्रो झेलण्यात मी आजही आमच्या बारा वर्षांच्या पोरांकडून हरते. रॅकेट हातात असली की मामला वेगळा, कारण रॅकेटचं तोंड तळहातापेक्षा कितीतरी मोठं असतं आणि बोटं मिटायची नसतात. झेलण्याची परीक्षा घेऊन टेनिसची नजर मोजणाऱ्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं. दोन्ही कामं सख्खी आहेत, जुळी नाहीत.

आता दाव्यांबद्दल. चष्म्याबरोबर आलेल्या पत्रकात प्रतिक्रियेचा वेग, एकाग्रता, झेल, फटक्याची अचूकता, लाइन कॉल (चेंडू रेषेच्या आत की बाहेर याचा निर्णय) असं सगळंच सुधारतं म्हटलंय. डोळ्यांचे व्यायाम करून खेळ सुधारतो का हा प्रश्न जुना आहे, आणि योगायोगाने त्याची एक चांगली तपासणी टेनिसवरच झाली आहे. अॅबरनेथी आणि वुड यांनी २००१ मध्ये ४० जणांचे चार गट केले. दोन गटांना बाजारातले डोळ्यांच्या व्यायामाचे कार्यक्रम चार आठवडे दिले, तिसऱ्याला टेनिसविषयी वाचायला-बघायला दिलं, चौथा गट नुसताच खेळला. शेवटी डोळ्यांच्या चाचण्या आणि फोरहँड दोन्ही तपासले. व्यायाम करणाऱ्यांना त्याचा जादा फायदा झाल्याचं काही दिसलं नाही. चाचण्यांमधली सुधारणा चाचणी ओळखीची झाल्यामुळे होती. हा अभ्यास स्ट्रोबवर नव्हता हे खरं. पण "डोळे सुधारा, खेळ सुधारेल" या सरळ गणिताला त्याने चांगलाच सुरुंग लावला आहे.

स्ट्रोबच्या बाजूनेही पुरावा आहे, तो लपवणार नाही. ड्यूक विद्यापीठातल्या अॅपलबाम आणि मंडळींनी २०११ मध्ये असा चष्मा घालून सराव करणाऱ्यांची तुलना साधा चष्मा घालणाऱ्यांशी केली. नजरेच्या मध्यभागातली हालचाल टिपणं आणि क्षणभर दिसलेली गोष्ट पकडणं यांत स्ट्रोबवाले पुढे गेले. कडेच्या नजरेत मात्र फायदा नाही, आणि एकाच वेळी अनेक हलत्या वस्तूंवर लक्ष ठेवण्यातही नाही. दुहेरी खेळणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. २०१३ मध्ये व्यावसायिक आइस हॉकीच्या खेळाडूंवर एक छोटा प्रयोग झाला, त्यात स्ट्रोब वापरणाऱ्यांची बर्फावरची कामगिरी १८ टक्क्यांनी सुधारली. विक्रेते हाच आकडा पुढे करतात. प्रयोगात दोन्ही गट मिळून खेळाडू होते ११, हे ते सांगत नाहीत.

चष्मा काढल्यावर काय होतं हे मुद्दाम सांगायला हवं, कारण तिथेच तो विकला जातो. पंधरा-वीस मिनिटं तुकडे बघितल्यावर भिंगं काढली की चेंडू संथ, मोठा आणि अगदी सोपा वाटतो. प्रत्येक जण "अरे वा!" म्हणतो. मीही म्हटलं. पण ते वाटणं थोड्या वेळात ओसरतं. मी सहकाऱ्याकडून आधीचं आणि नंतरचं खेळणं मोबाइलवर टिपून घेतलं आणि दोन्ही व्हिडिओ मूळ क्रम न सांगता त्याच्यासमोर ठेवले. कोणता आधीचा हे त्याला ओळखता आलं नाही. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, मला मान्य आहे. पण ज्यांना "वा!" म्हटल्या म्हटल्या चष्मा विकत घ्यावासा वाटतो त्यांनी एक रात्र मध्ये जाऊ द्यावी.

लाइन कॉलचा दावा तर मला हसू आणणारा वाटला. विम्बल्डनच्या २००७ च्या सामन्यांतले पंचांचे चुकलेले निर्णय व्हिटनी आणि सहकाऱ्यांनी तपासले. चुकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त एकाच दिशेच्या होत्या, आत पडलेला चेंडू बाहेर दिला होता. हलती वस्तू मेंदूला ती आहे त्याच्या किंचित पुढे भासते, म्हणून. जगातल्या सर्वोत्तम कोर्टवर, रेषेवर नजर रोखून बसलेल्या माणसांची ही गत. त्यावर प्लास्टिकची भिंगं काय उतारा देणार? (आमच्या क्लबमधली रविवारची भांडणं मात्र याने मिटतील असं वाटत नाही. तिथे दोष डोळ्यांचा नसतोच.)

सर्व्हिस परतवण्याच्या सरावासाठी हा चष्मा बाद. इथे माझं मत ठाम आहे आणि कारण साधं आहे. चांगला खेळाडू सर्व्हिस वाचतो ती रॅकेट चेंडूला लागायच्या आधी आणि लागताना. जोन्स आणि माइल्स यांनी १९७८ मध्ये सर्व्हिसची फिल्म चेंडू लागण्याच्या आसपास तोडून दाखवली, तर चांगल्या खेळाडूंना चेंडू निघायच्या आधीच तो कुठे पडेल याचा अंदाज नवशिक्यांपेक्षा बराच चांगला होता. टेनिसपटू आंद्रे आगासीची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. त्याचा प्रतिस्पर्धी बोरिस बेकर सर्व्हिस करताना जीभ कोणत्या बाजूला काढतो यावरून आपण दिशा ओळखायचो, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. पहिले तीन सामने बेकरने जिंकले होते, एकूण हिशोब शेवटी आगासीच्या बाजूने १०-४ झाला. म्हणजे महत्त्वाचा क्षण एकच आणि अगदी नेमका. स्ट्रोबच्या घड्याळाला मात्र तो क्षण कधी येणार हे ठाऊक नसतं. नेमक्या त्या वेळी भिंग कधी उघडं, कधी बंद. खेळाडू शिकणार काय, तर नशिबावर भरवसा ठेवायला. त्यापेक्षा मी फुकटची पद्धत वापरते. परतवणाऱ्याने रॅकेट खाली ठेवून उभं राहायचं, सर्व्हिसवाल्याची रॅकेट चेंडूला लागताक्षणी डोळे मिटायचे आणि 'मध्ये', 'अंगावर' किंवा 'बाहेर' असं ओरडायचं. मग डोळे उघडून बघायचं. लांब उभं राहायचं आणि एका बाजूला जाळी ठेवायची, एवढं पथ्य पाळावं.

वस्तू म्हणून चष्म्याच्या तक्रारी बऱ्याच आहेत. घाम आला की भिंगांवर वाफ धरते आणि तेव्हा स्ट्रोब आणि धुकं यांतला फरक राहत नाही. नंबरचा चष्मा आत बसत नाही. लेन्स लावणाऱ्यांनाच तो खऱ्या अर्थाने वापरता येतो. नाकावरची गादी मोठ्या माणसांच्या मापाची आहे, मुलांच्या नाकावरून घसरते आणि खालून उघडी फट राहते. हुशार पोरं त्या फटीतून बघतात. भर उन्हात 'बंद' भिंगही पुरेसं बंद नसतं, राखाडी काचेतून चेंडूची सावली कळते, त्यामुळे बाहेरच्या कोर्टवर दुपारची तिसरी पायरी आणि दिव्याखालची तिसरी पायरी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पायरी बदलायचं बटण कानाजवळ आहे आणि हातमोज्याशिवायही सापडत नाही. मोबाइलच्या अॅपवरून बदलता येतं, पण दर थोड्या वेळाने जोडणी तुटते. चार्जिंग चांगलं टिकतं, त्याबद्दल बोलायचं काही नाही.

तब्येतीचं थोडं. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी हा घालूच नये, पत्रकातही तसं लिहिलं आहे, पण इतक्या बारीक अक्षरात की मला ते भिंगाखाली वाचावं लागलं. आमच्या एका सभासदाला अर्धशिशी आहे, त्यांचं डोकं लगेच चढलं, त्यांनी काढून ठेवला. आणि अर्धवट दिसत असताना पूर्ण वेगाचा चेंडू तोंडावर घेण्यात काही शहाणपण नाही. मी झेलासाठी फोमचे आणि फटक्यांसाठी हिरव्या ठिपक्याचे, नेहमीपेक्षा संथ चेंडूच वापरते.

चेंडूंवरून आठवलं. लहान मुलांच्या पालकांना या चष्म्याची सर्वात जास्त भुरळ पडते आणि लहान मुलांनाच त्याची गरज सर्वात कमी आहे. त्यांची अडचण चेंडू फार वेगात येतो आणि फार उंच उडतो ही असते. त्यावर उत्तर केव्हाच मिळालेलं आहे. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा ७५ टक्के संथ, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमाने दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू चालतच नाही. मुलाला बघायला आणि ठरवायला जादा वेळ मिळतो, तो योग्य जागी पोहोचतो, योग्य उंचीवर चेंडू मारतो. तसं बघितलं तर टेनिसमध्ये चेंडू नीट दिसावा म्हणून झालेला सर्वात मोठा बदल रंगाचाच. पिवळा चेंडू नियमात आला १९७२ मध्ये, टीव्हीवर नीट दिसावा म्हणून. विम्बल्डनने मात्र १९८६ पर्यंत पांढराच धरून ठेवला होता. हट्ट म्हणतात तो असा.

चष्म्याच्या डब्यात भेट म्हणून एक सहा गाठींचा रबरी चेंडू आला होता, टप्पा पडला की कुठेही उडणारा. मुलांना प्रचंड आवडला. पायांना व्यायाम म्हणून छान, नजरेसाठी शून्य. टेनिसचा चेंडू मनाला येईल तिकडे उडत नाही. त्याच्या फिरकीत, उंचीत आणि वेगात पुढचं सगळं लिहिलेलं असतं आणि ते वाचायला शिकणं हाच तर खेळ. ज्या चेंडूत वाचण्यासारखं काही नाही त्यावर वाचनाचा सराव कसा होणार?

समितीला मी सांगितलं की एक चष्मा ठेवा, दुसरा मागवू नका. कोचच्या हातात, तपासणीसाठी, तो कामाचा आहे. दर काही आठवड्यांनी खेळाडूला घालायला दिला की त्याची नजर पुढे आहे की मागे हे पाच मिनिटांत कळतं. स्वतःपुरता विकत घेऊन घरी भिंतीवर चेंडू मारत बसणार असाल तर नको. तो चांगल्या रॅकेटपेक्षा महाग आहे, आणि तेवढ्यात नव्या तारा, चेंडूंची भरलेली बास्केट आणि चांगल्या कोचबरोबरचे पुष्कळ तास येतील. चाळिशीनंतर चेंडू उशिरा दिसतो असं वाटणाऱ्यांनी आधी डोळे तपासून घ्यावेत. आमच्या दोन सभासदांचा 'प्रतिक्रियेचा वेग' नव्या नंबराने परत आला.

डब्यावर मी सूचना चिकटवली आहे. सातवी आणि आठवी पायरी वापरू नये, सर्व्हिसच्या सरावाला घालू नये, फोमचे चेंडू वापरावेत, फिट किंवा अर्धशिशी असलेल्यांनी हात लावू नये, आणि वापरून झाल्यावर भिंगं टीशर्टने पुसू नयेत. शेवटची सूचना कुणी पाळत नाही, त्यामुळे डाव्या भिंगावर चरे पडले आहेत. मला चालतं, माझा तो डोळा तसाही कामाचा नाही.